लोणीफळाची काडी

बापूजी घागरे यांच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी एक लांबट गाठोडं येऊन बसलं आणि त्या दिवसापासून त्या घरात फ्रिज उघडणं हे जबाबदारीचं काम झालं. गाठोडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं, वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली आणि दोन्ही टोकांना रबर. बापूजी सौंसरच्या पोस्टातून निवृत्त झालेले. गठ्ठा बांधावा तर त्यांनीच.

"याले कोणी हात लावायचा नाही," त्यांनी सुनेला सांगितलं. "उघडायचं नाही, हालवायचं नाही, अन् याच्यावर सांबार ठेवायचा नाही."

सांबार म्हणजे तिकडची कोथिंबीर.

"मंग सांबार कुठी ठेवू, मामाजी?" प्रेमलताने विचारलं.

"कुठीही ठेव. रथसप्तमीपर्यंत सांबाराविना कोणी मरत नाही."

गाठोड्यात लोणीफळाच्या काड्या होत्या. बाजारात ज्याला अव्होकॅडो म्हणतात त्याला लोणीफळ हे नाव बापूजींच्या बायकोने दिलं होतं. बंगळूरचा जावई एकदा दोन फळं घेऊन आला होता. "ना गोड, ना खारट, नुसतं लोणी," असा निकाल देऊन तिने ती वासराला चारली आणि बी मागच्या भिंतीशी भिरकावली. बी रुजली. मग मात्र ती रोज तांदळाचं धुवण त्या रोपाला घालू लागली. झाड भिंतीच्या वर गेलं, छपराच्या वर गेलं, आणि फळ धरायच्या आदल्या वर्षी ती गेली. पहिली फळं बापूजींनी एकट्याने खाल्ली. मिठाबरोबर, मग पोळीबरोबर, शेवटी नुसतीच. तिचा निकाल चुकला होता हे तिला सांगता येत नाही, याचंच त्यांना राहून राहून वाईट वाटत होतं.

आता ते झाड तोडायचं ठरलं होतं. त्याच्या मुळांनी बापूजी आणि कलाबाई यांच्यामधली भिंत फोडली होती. कलाबाई म्हणजे शेजारीण, वयाने बापूजींच्याच बरोबरीच्या. झाडाची पानं त्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या वड्यांवर पडत, यावरून दोघांचं बोलणं दोन वर्षांपासून बंद होतं. अगदीच बोलायची वेळ आली तर दोघंही भिंतीशी बोलत.

"या भिंतीले सांगून देते," कलाबाई पलीकडून म्हणत, "पानं झाडायले मी काही कोणाची नोकर नाही."

"या भिंतीले सांगतो," बापूजी अलीकडून म्हणत, "पानं काही मी शिकवून नाही पाठवत."

शेवटी वॉर्डातल्या चार लोकांनी बसून तोड काढली. भिंत नवी बांधायची आणि झाड काढायचं. सावरगावच्या मिस्त्रीने रथसप्तमीनंतरचा मुहूर्त दिला. बापूजींनी फार खळखळ केली नाही, कारण त्यांनी कलम करायचं ठरवलं होतं.

"कलम कायले बाबा?" चेतन म्हणाला. चेतन हा त्यांचा मुलगा. पांढुर्णा नवा जिल्हा झाला तेव्हा तिथल्या एका कार्यालयात त्याची बाबू म्हणून बदली झाली होती, आणि तो रोज सौंसरहून बसने जाऊन-येऊन थकला होता. "बियांची सहा रोपं पिशव्यांत आहेत ना. तीच लावू."

"बीपासून होते ते लेकरू," बापूजी म्हणाले. "लेकरू आईसारखं असते, पण आई नसते. फळ बारीक निघेल, पाणचट निघेल, कोणाले माहीत. कलम केलं तर ते तेच झाड. मले लेकरू नाही पाहिजे. तुझ्या आईनं लावलं तेच पाहिजे."

अडचण होती ती वेळेची. कलमाची काडी कापायची ती तिच्यावरचे डोळे फुगलेले असताना, पण फुटायच्या आत. डोळा म्हणजे काडीवरची ती बारीकशी कळी, जिच्यातून पुढे पानं येतात. झोपलेला डोळा घेतला तर तो उठेल याचा भरवसा नसतो, आणि फुटलेल्या डोळ्याने काडीतला सगळा जोम आधीच खाऊन टाकलेला असतो. लोणीफळाचे डोळे संक्रांतीलाच टपोरे झाले होते, आणि सौंसरभर संत्र्याची कलमं बांधणारा श्रावण रथसप्तमीपर्यंत एका रोपवाटिकेत अडकलेला होता. श्रावण येईपर्यंत झाड थांबणार नव्हतं. म्हणून बापूजींनी चेतनला चढवून उन्हातल्या फांद्यांची, पेन्सिलीएवढ्या जाडीची टोकं काढून घेतली, पानं छाटली आणि बारा काड्या ओल्या कागदात गुंडाळून थंडीत निजवल्या. थंडीत डोळा आहे तसा थांबतो.

त्यात बापूजींच्या स्वतःच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं. काळ्या चष्म्यातून त्यांना माणूस आणि कपाट यांतला फरक माणूस बोलल्यावरच कळे. त्यामुळे रोज सकाळी ते फ्रिज उघडून गाठोडं नुसतं हाताने चाचपत. जाडी बरोबर लागली की समाधानाने दार लावत.

संक्रांतीनंतरचे हे दिवस हळदीकुंकवाचे. प्रेमलताने शुक्रवारी बायका बोलावल्या. वाणाला स्टीलच्या चहागाळण्या आणल्या होत्या. बायकांनी गाळण्या उजेडात धरून पाहिल्या, तिळगूळ घेतला, आणि मग एकीला थंड पाणी हवं झालं. प्रेमलताने फ्रिज उघडला.

"हे काय ठेवून राहिली वं?" ती बाई मागून डोकावली.

"काही नाही. मामाजीच्या काड्या आहेत. लोणीफळाच्या."

"तेच का, डॉक्टर लोक खायले सांगतात ते? मंग एक काडी मले दे ना."

आता संत्र्याच्या त्या मुलखात या गल्लीने एक रीत पाळली होती. कोणाचं झाड चांगलं निघालं आणि दुसऱ्याने कलमाला काडी मागितली, तर नाही म्हणायचं नाही. विरजण मागितलं तर कोणी नाही म्हणतं का, तसंच हे. जो काडी नाकारतो त्याच्या झाडाला बहार टिकत नाही, असं म्हातारी माणसं सांगत, आणि ते खरं की खोटं हे करून पाहायला आजवर कोणी धजलं नव्हतं.

प्रेमलताने एक काडी काढून दिली. ते बाकीच्यांनी पाहिलं. मग दुसरीला दिली, तिसरीला दिली. चौथ्या होत्या कलाबाई. हळदीकुंकवाचं बोलावणं हे बोलाचालीत धरत नाहीत, म्हणून त्या आल्या होत्या.

"मले काही नको बाप्पा," त्या म्हणाल्या. "त्या झाडानं तं माझी भिंत फोडली." मग त्यांनी पदर सारखा केला. "पण सगळ्यायले देऊन राहिली अन् मलेच नाही, हे बरं दिसते का?"

त्यांनाही दिली. उशिरा आलेल्या एकीला पाचवी दिली. बायका गेल्यावर प्रेमलताने गाठोडं मामाजींसारखं हाताने चाचपलं. ते चांगलंच बारीक झालं होतं, आणि मामाजींचा हात सकाळी ते ओळखणार होता.

लोणीफळाच्या झाडावर उरलेले डोळे एव्हाना फुटून गेले होते, म्हणून तिने अंगणात एक फेरी मारली. संत्र्याची काडी घालून भागणार नव्हतं, श्रावण ती झोपेतही ओळखेल. आंब्याची मात्र हिरवी होती, जाडीला तेवढीच आणि टोकाला तसाच टपोरा डोळा. तिने पाच काड्या छाटल्या, गाठोड्याच्या अगदी मधोमध सारल्या आणि खऱ्या काड्या भोवताली ठेवल्या. सात तर खऱ्या आहेत, तिने मनाची समजूत घातली. रोपं सहाच आहेत.

सकाळी बापूजींनी गाठोडं चाचपलं. जाडी बरोबर होती.

सोमवारी पांढुर्ण्याला चेतनच्या साहेबांनी त्याला आत बोलावलं. चेतनचा सौंसरला बदलीचा अर्ज त्यांच्या टेबलावर दिवाळीपासून पडून होता.

"घागरे, सुना है आपके घर एवोकाडो है?"

"जी सर."

"हमारे फार्म पर लगवाना था. एकाध कलम मिल जाती तो..."

चेतनने मागचापुढचा विचार न करता मान हलवली. बाहेर आला तर बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, उभे. त्यांनीही ऐकलं होतं, त्यांच्या साळ्याची छिंदवाड्याला जमीन होती, आणि त्यांच्या मागे शिपाईही उभा होता. दुसऱ्या दिवशी बसच्या घाईत चेतनने गाठोडं सोडलं, साहेबांच्या दोन धरून बाहेरच्या बाजूच्या चार काड्या ओढल्या आणि मागच्या जांभळाच्या चार काड्या कापून आत सारल्या. मधल्या हिरव्यागार काड्या पाहून त्याला धीर आला. आठ तर खऱ्या आहेत, तो मनात म्हणाला. बाबाले सहाच पाहिजेत.

बुधवारी बापूजी डोळ्याच्या तपासणीला पांढुर्ण्याला जाऊन आले. आल्यावर त्यांनी चहा घेतला आणि गाठोडं चाचपलं. जाडी बरोबर होती.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी श्रावण आला. आसपासच्या बागांतली निम्मी झाडं आपल्या हातची आहेत असं तो सांगे, आणि उरलेली निम्मी का वाळली तेही सांगे. लोणीफळाचं झाड त्याने जवळून कधी पाहिलं नव्हतं, पण ते कबूल करायची वेळ त्याने अजून येऊ दिली नव्हती. अंगणात पोतं अंथरून तो बसला.

"जंबेरी कुठी आहे?" त्याने विचारलं.

जंबेरी म्हणजे जंगली लिंबाची जात. तिकडे संत्र्याचं कलम तिच्याच खुंटावर बांधतात. खुंट म्हणजे खालचं, मुळांवर उभं असलेलं रोप.

"जंबेरी नाही," बापूजी म्हणाले. "लोणीफळाचं कलम लोणीफळाच्याच रोपावर चढते. परक्याले ते घरात घेत नाही."

"जंबेरीविना कलम," श्रावण स्वतःशीच म्हणाला. "ठीक आहे. मंग सालीले चीर देतो, डोळा सारतो, झालं."

"डोळा नाही भरायचा. पाचर कलम. खुंट वरून काप, मधोमध चीर दे. काडी दोन्हीकडून तासून पाचर कर अन् चिरेत बसव. सालीखाली हिरवी रेघ असते पाह्य, काडीची रेघ खुंटाच्या रेघेले लागली पाहिजे. दोन्हीकडून नाही तं एका बाजूनं तरी. मंग घट्ट बांध अन् वरून पिशवी चढव."

हे सगळं त्यांनी फोनवरचे व्हिडिओ ऐकून पाठ केलं होतं, कारण पाहता येत नव्हते. श्रावणला हे काही पसंत पडलं नाही, पण त्याने चाकू काढला. बापूजींनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि रबर सोडलं. श्रावणने काड्या हातात घेतल्या, पुढे-मागे केल्या.

"बापूजी," तो म्हणाला, "याच्यात तं तीन नमुने दिसून राहिले."

"परदेशी झाड आहे, भाऊ," प्रेमलता घाईने म्हणाली.

"वरच्या फांदीची काडी वेगळी असते, खालच्या फांदीची वेगळी," चेतन म्हणाला.

"तू बांध ना," बापूजी म्हणाले. "नमुने कायले पाहतो?"

तीन माणसांचं इतकं एकमत श्रावणने कोणत्याच घरात पाहिलं नव्हतं. मात्र ते पहिली काडी निवडेपर्यंतच टिकलं. त्याने एक हिरवी काडी उचलली.

"ही नका घेऊ," प्रेमलता म्हणाली. "थोडी मऊ वाटून राहिली."

श्रावणने ती ठेवून करड्या सालीची उचलली.

"ही नको," चेतन म्हणाला. "ही माझ्या हातून पडली होती."

श्रावणने तिसरी उचलली. ती बापूजींनी हातात घेऊन चाचपली. "हिचे डोळे बरोबर नाहीत. ठेव ती."

"मंग घेऊ कोणती?"

"ही," चेतनने आंब्याची काडी पुढे केली.

"नाही, ही," प्रेमलताने जांभळाची पुढे केली.

"दोन्ही घे," बापूजी म्हणाले. "त्या चांगल्या आहेत."

श्रावणने चाकू खाली ठेवला. "आधी घरात ठरवून घ्या ना बाप्पा. मी चहा पिऊन येतो."

त्याला चहा तिथेच मिळाला. तो प्यायल्यावर त्याने डोळे मिटून हाताला येईल ती काडी घ्यायचं ठरवलं, आणि त्याला कोणी अडवलं नाही. सवयीने तो पुढची काडी दातात धरून मागची बांधत होता. चौथ्या पिशवीशी तो थबकला आणि थुंकला.

"बापूजी, ही कडू लागून राहिली."

"सालीले कडूच असते ते."

"कडुलिंबासारखी कडू आहे."

"कलम हातानं बांधतोस का तोंडानं?" बापूजी इतक्या जोरात म्हणाले की प्रेमलताने वळून पाहिलं.

सहाही कलमं बांधून झाली. उरलेल्या काड्या बापूजींनी स्वतः उचलून उकिरड्यावर टाकल्या. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "या भिंतीले सांगून देते, श्रावणचं काम झालं असन तं त्याले इकडे पाठवा." श्रावण चाकू पुसत तिकडे गेला. चहा प्यायला गेला असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

ठरल्या दिवशी झाड तोडलं. बापूजी त्या दुपारी घरात बसले आणि त्यांनी रेडिओ मोठ्याने लावला. रेडिओवर कापसाच्या बोंडअळीवर कार्यक्रम चालला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. नंतर आठवडाभरात मिस्त्रीने नवी भिंत उभी केली, सरळ आणि गुळगुळीत.

मग सगळ्या घराचं लक्ष त्या सहा पिशव्यांकडे लागलं. प्रेमलता रोज पाणी देताना मनात म्हणे, माझ्या आंब्याच्या वाळल्या तरी बाकीच्या लागतील. चेतन ऑफिसातून आल्यावर पाहून म्हणे, जांभळाच्या वाळतील पण बाकीच्या लागतील. बापूजी काहीच म्हणत नसत. ते पिशव्यांजवळ खुर्ची टाकून बसत आणि रोज तांदळाचं धुवण मागून घेत.

होळीच्या सुमाराला दोन काड्यांवर तांबूस, लुसलुशीत पानं फुटली. प्रेमलता धावत आत गेली.

"मामाजी, फुटले. दोन फुटले."

बापूजींचं दुसरं ऑपरेशनही एव्हाना झालं होतं, आणि त्याच दिवशी त्यांचा नवा चष्मा आला होता. त्यांनी तो चढवला, अंगणात आले आणि वाकून पाहत राहिले. आधी त्यांचा चेहरा खुलला, मग तो हळूहळू विचारात पडला. त्यांनी एक कोवळं पान खुडलं, चुरगाळलं, नाकाशी धरलं. दुसरं खुडून चेतनच्या नाकाशी धरलं.

"कायचा वास येते?"

"कैरीचा," चेतन म्हणाला.

"लोणीफळाच्या खुंटावर आंबा," बापूजी म्हणाले. "कसा?"

बापूजी दुसऱ्या पिशवीकडे वळले, काडीची साल नखाने खरवडली, पाहिली. "हे जांभूळ आहे." मग प्रेमलताकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होती.

"मामाजी," ती म्हणाली, "हळदीकुंकवाले बायका आल्या होत्या. काडी मागितली तं नाही कसं म्हणायचं? पाच दिल्या. तुम्हाले वाईट वाटू नये म्हणून आंब्याच्या घातल्या."

"पाचच ना?" चेतन उजळला. "मंग काही टेन्शन नाही. मी चारच दिल्या. जांभळाच्या घातल्या." बारातून नऊ गेल्याचं त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा आवाज खाली आला. "तीन तरी खऱ्या असतील ना, बाबा?"

बापूजी नवा चष्मा काढून धोतराला पुसू लागले. तो चांगला स्वच्छ होता.

"मामाजी," प्रेमलता हळूच म्हणाली, "श्रावणभाऊले ती काडी कडू कायले लागली होती?"

"डोळ्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर लय दिवसांचा मागून राहिला होता," बापूजी म्हणाले. "अन् मागच्या खेपेले तिथे दोघं पेशंट बसले होते, त्यायनंही ऐकलं. आता तुले सांबार ठेवू दिला नाही मी त्याच्यावर, अन् मीच काढल्या असं कोणत्या तोंडानं सांगू? वरच्या तीन त्यायले दिल्या अन् माझ्या दातणाच्या तीन घातल्या. कडुलिंबाच्या."

कोणाला रागवावं हे कोणालाच ठरवता येईना. आंब्याची ती पानंही काडीतल्या उरल्यासुरल्या जोमावर फुटली होती, दोन दिवसांत मान टाकणार होती.

"सगळ्यायच्या घरी जाऊन पाहू," चेतन म्हणाला. "बारा काड्या गावात गेल्या. एक तं जगली असन."

दोन दिवस ते फिरले, फोन केले. एकीने काडी जंबेरीवर बांधली होती. दुसरीनेही जंबेरीवर. तिसरीनेही तेच केलं होतं, आणि वर संत्र्यासारखा ताण द्यायचा म्हणून पाणीही तोडलं होतं. साहेबांच्या फार्मवर जंबेरी, छिंदवाड्याला जंबेरी, कंपाउंडरच्या घरी कुंडीतली जंबेरी. जिथे कलम म्हटलं की जंबेरी, तिथे दुसरं काही कोणाला सुचलंच नव्हतं. सगळ्या काड्या वाळून गेल्या होत्या. सगळ्यांनी वर विचारलं, "अजून एक काडी भेटन का?"

कलाबाईंकडे मात्र कोणी गेलं नाही. ज्या बाईने झाड तोडायला लावलं, तिने त्याची काडी चुलीत घातली असणार, याबद्दल घरात दुमत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी श्रावण आला. त्याने सहाही पिशव्या पाहिल्या आणि सांगितलं की परदेशी झाडाचा भरवसा नसतो. मग डोकं खाजवलं. "पण मंग कलाबाईकडचं कसं लागलं?"

"काय लागलं?" बापूजींनी विचारलं.

"त्याच दिवशी नाही का बांधलं मी. त्यायच्या मोरीजवळ तुमच्या फळाची बी पडून रोप उगवलं होतं, ते त्यायनं तेलाच्या पिप्यात लावून ठेवलं होतं. तुम्ही सांगितलं तसंच बांधलं, पाचर करून. तिथे मले कोणी ही नको अन् ती नको म्हटलं नाही. एकदम पक्कं लागलं."

बापूजी उठले. नव्या भिंतीला बोलून उपयोग नव्हता, ती फार उंच होती. त्यांनी चपला घातल्या आणि रस्त्याने वळसा घालून दोन वर्षांत पहिल्यांदा कलाबाईंच्या दारात उभे राहिले. प्रेमलता मागे होतीच.

कलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, सवयीने भिंतीकडे पाहिलं आणि मग पुन्हा बापूजींकडे.

"प्रेमलता," त्या म्हणाल्या, "मामाजीले बसायले पाट दे."

"बसत नाही," बापूजी म्हणाले. "झाड पाहायले आलो."

"कोणतं झाड?"

"कलाबाई!" बापूजी म्हणाले.

कलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "ते मागे आहे. मी काही चोरलं नाही. तुमच्या सुनेनं दिली काडी. अन् बी तुमच्या झाडानंच पाठवली होती. पानांसंगं."

मागच्या अंगणात लोणीफळाचं कलम उभं होतं. पाचरेच्या जागी गाठ भरून आली होती आणि वर गर्द हिरवी पानं आली होती. बापूजींनी एक पान बोटात धरलं, उलटं केलं, पुन्हा सोडलं. चष्मा नवा असूनही त्यांना जरा धूसर दिसू लागलं.

"तुम्ही तं झाड तोडायले लावलं," ते म्हणाले.

"पानं पडत होती म्हणून. फळं काय कमी पडत होती का माझ्याकडे? दोन वर्षं खाल्ली मी." कलाबाई थांबल्या. "बोलणं बंद होतं, म्हणून सांगितलं नाही. तुमच्या बायकोनं मले पहिलं फळ देईन म्हटलं होतं. तिनं कबूल केलं होतं, मंग पडलेली फळं मीच उचलून घेतली."

बापूजींनी पाचरेच्या गाठीवरून बोट फिरवलं.

"एक काडी पाहिजे होती."

"काडीले नाही म्हणत नाहीत," कलाबाई म्हणाल्या. "पण आता नाही भेटणार. आता कापली तं काडी अन् झाड दोन्ही मरतील. झाडाले जरा मोठं होऊ द्या. संक्रांतीले डोळे फुगतील, तवा या. तुम्हीच तं श्रावणले शिकवून राहिले होते, मले भिंतीवरून सगळं ऐकू येत होतं."

"संक्रांतीले," बापूजी म्हणाले.

"अन् तोवर पाणी कोण घालणार? माझी कंबर दुखते."

दुसऱ्या दिवसापासून बापूजी सकाळी तांदळाच्या धुवणाचा तांब्या घेऊन रस्त्याने वळसा घालून कलाबाईंच्या अंगणात जाऊ लागले. कलाबाई पायरीवर बसून घालायचं किती ते सांगत, आणि बापूजी ऐकत. एक दिवस प्रेमलता त्यांच्यासोबत गेली. कलाबाईंनी रोप पिप्यातून काढून जमिनीत लावलं होतं. सावली मिळावी म्हणून नव्या भिंतीच्या अगदी कडेला, हातभर अंतरावर.

प्रेमलताने रोपाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"मामाजी," ती म्हणाली, "काकूनं हे भिंतीच्या लय जवळ नाही का लावलं? मोठं झाल्यावर..."

बापूजींनी पायरीकडे एक नजर टाकली आणि तांब्या हळूच बुंध्याशी कलता केला.

"हळू बोल," ते म्हणाले.